गजाने मोजलेले इंजिन

१९६३ सालाच्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या परिसरात एक गृहस्थ मोटारींच्या दुकानांतून हिंडत होता. तो गिऱ्हाईक नव्हता. दुकानात शिरावे, नव्या गाडीच्या इंजिनावर हातातला लाकडी गज आडवा धरावा, आकडा ध्यानात ठेवावा आणि पुढच्या दुकानाची वाट धरावी, असा त्याचा क्रम चालला होता. त्याचे नाव वॉल्टर मॅकेंझी. रूट्स या ब्रिटिश मोटार समूहाच्या अमेरिकेतील पश्चिम किनाऱ्यावरच्या शाखेत तो दुरुस्ती विभागाचा व्यवस्थापक होता. कापडाच्या पेढीवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना तो लाकडी गज ओळखीचा वाटेल. त्या एका गजाने पुढे सात हजारांच्या आसपास गाड्यांचे भवितव्य ठरवले आणि एका व्यापारी कुटुंबाच्या हिशेबाची परीक्षाही घेतली.

रूट्स हे कारखानदाराचे नव्हे, मुळात दुकानदाराचे घराणे. इंग्लंडच्या केंट परगण्यात वडिलांचे सायकलींचे दुकान होते. विल्यम आणि रेजिनाल्ड या दोन मुलांनी मोटारींच्या विक्रीत पाय रोवला आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत त्यांची पेढी ब्रिटनमधील सर्वांत मोठी मोटार वितरक म्हणून गणली जाऊ लागली. इतरांचा माल विकता विकता त्यांनी हिलमन, हंबर आणि पुढे १९३५ साली सनबीम हे कारखाने ताब्यात घेतले. थोरला विल्यम हा धडाडीचा विक्रेता, तर धाकटा रेजिनाल्ड हा हिशेबी आणि शिस्तीचा. विल्यम हे या धंद्याचे इंजिन आणि रेजिनाल्ड हे त्याचे स्टिअरिंग व ब्रेक, असे त्यांच्याविषयी म्हटले जाई. या समूहाचा संबंध महाराष्ट्राशीही आला होता. मुंबईत १९४९ साली निघालेली ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी मूळची रूट्स समूहाची. पुढे ती मद्रासच्या चिदंबरम समूहाकडे गेली आणि तिच्या लॅम्ब्रेटा व लॅम्बी स्कूटरी घरोघरी पोहोचल्या.

मॅकेंझीच्या हाती गज येण्याचे कारण होते सनबीम अल्पाइन ही दोन आसनांची छोटी गाडी. ती दिसायला देखणी, चालवायला सुखकर आणि किमतीने माफक होती. तथापि तिचे चार सिलिंडरचे, सुमारे दीड लिटर क्षमतेचे इंजिन जेमतेम ८० अश्वशक्तीचे. अमेरिकेतील तरुण गिऱ्हाईक गाडीचे रूप पाहून थांबे आणि वेग विचारून पुढे निघून जाई. संपूर्ण नवी गाडी घडवण्याइतके भांडवल रूट्सजवळ नव्हते. इटलीच्या फेरारी कंपनीकडून इंजिन सुधारून घ्यावे, कारण त्या नावालाच बाजारात मोल आहे, असाही विचार झाला. बोलणी बरीच पुढे गेली आणि अखेर फिसकटली. मग ऑस्ट्रेलियाचा विश्वविजेता शर्यतपटू जॅक ब्रॅबहम याने समूहाचे शर्यत व्यवस्थापक नॉर्मन गॅराड यांच्याकडे एक कल्पना मांडली. जुन्याच गाडीत फोर्डचे मोठे व्ही-८ इंजिन का बसवू नये? नॉर्मन यांनी ती आपल्या मुलाला, इयान गॅराडला, कळवली. इयान हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील विक्री पाहत होता.

व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरांचे इंजिन. त्यांतील चार एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला, इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे तिरकी मांडलेली असतात. त्यामुळे अशा इंजिनाची लांबी फारशी वाढत नाही. वाढते ती रुंदी. अल्पाइनच्या अरुंद बोनेटखाली अडचण नेमकी रुंदीचीच होती. म्हणूनच मॅकेंझी गज घेऊन निघाला. अनेक कंपन्यांची इंजिने मोजून तो परतला तेव्हा त्याच्या हाती एकच नाव होते. फोर्डचे २६० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचे इंजिन. लांबीला ते जुन्या इंजिनापेक्षा केवळ साडेतीन इंचांनी जास्त, वजन सुमारे २०० किलो, आणि शक्ती १६४ अश्वशक्ती. जुन्याच्या दुप्पट शक्ती त्याच जागेत मावण्याची शक्यता एका लाकडी पट्टीने दाखवून दिली. फेरारीच्या नावाने जे साधले नाही, त्याची सुरुवात दुरुस्ती विभागातल्या एका माणसाच्या पायपिटीने झाली.

मापाची ही गोष्ट श्रावकाला साधी वाटणार नाही. तत्त्वार्थसूत्रात अस्तेय अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे, हा एक आहे. सामान्यतः त्याचा अर्थ गिऱ्हाइकापुरता लावला जातो. परंतु व्यापारी पुष्कळदा स्वतःच्याच बाबतीत खोटे माप वापरतो. नव्या धंद्यातील नफा लांब गजाने आणि खर्च आखूड गजाने मोजण्याची सवय भल्याभल्यांना असते. मॅकेंझीने फोर्डचे इंजिन आणि अल्पाइनचे बोनेट एकाच गजाने मोजले, हे त्या कामाचे पहिले यश होय.

मोजले, पण बसेल काय? इयानच्या घरापासून जवळच कॅरोल शेल्बी याचा कारखाना होता. हा टेक्सासचा शर्यतपटू १९५९ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला. हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या आणि तो गाड्या घडवू लागला. ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून १९६२ साली त्याने कोब्रा ही गाडी तयार केली होती. अल्पाइनचा नमुना करून देण्यासाठी त्याने आठ आठवडे आणि १० हजार डॉलर सांगितले. पुढे ही गाडी अमेरिकेत साधारण साडेतीन हजार डॉलरांना विकली गेली. म्हणजे नमुन्याचा खर्च तीन गाड्यांच्या किमतीएवढा होता.

इयानला आठ आठवडे थांबवेना. त्याने केन माइल्स या इंग्रज शर्यतपटूला आणि कुशल कारागिराला एक जुनी अल्पाइन, एक फोर्ड इंजिन, दोन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि ८०० डॉलर दिले. सुमारे एका आठवड्यात माइल्सने ती गाडी रस्त्यावर चालवून दाखवली. हाच केन माइल्स पुढे १९६६ साली फोर्डच्या नव्या गाडीची चाचणी घेताना मरण पावला. अलीकडच्या एका चित्रपटामुळे त्याचे नाव नव्या पिढीलाही परिचित झाले आहे. त्याची ती आठवड्याभरात जुळवलेली गाडी ओबडधोबड असेल, विक्रीला ठेवण्याजोगी तर मुळीच नव्हती. परंतु तिने एका प्रश्नाचे उत्तर दिले, आणि त्या क्षणी धंद्याला तेवढेच हवे होते. मोठी रक्कम गुंतवण्यापूर्वी छोटी रक्कम खर्चून शंका मिटवावी, ही रीत जुन्या पेढ्यांना नवी नाही. नवा माल प्रथम एक गाठोडे मागवून पाहावा, खपला तर पुढची मागणी नोंदवावी, असे वडीलधारे सांगत आले. आठशे डॉलर वाया गेले असते तरी दहा हजार वाचले असते.

एप्रिल १९६३ मध्ये शेल्बीने आपल्या नमुन्याचे काम हाती घेतले आणि महिनाअखेरीस पांढऱ्या रंगाची ती गाडी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर धावू लागली. इंजिन बोनेटखाली इतके घट्ट बसले होते की एका इंचाचीही जागा उरली नव्हती, असे शेल्बी नंतर सांगत असे.

मात्र मोठे इंजिन बसवणे म्हणजे केवळ इंजिन बसवणे नव्हे, हे या कामातील खरे शहाणपण आहे. जुने स्टिअरिंग नव्या इंजिनाच्या आड येत होते, म्हणून रॅक अँड पिनियन पद्धतीचे नवे स्टिअरिंग घालावे लागले. दुप्पट शक्ती जुना गिअरबॉक्स पेलणार नव्हता, तोही बदलला. शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा आस अधिक मजबूत करावा लागला. पुढचे वजन वाढले, तेव्हा स्प्रिंगा बदलल्या. बॅटरी मागच्या सामानाच्या जागेत गेली. मोठे इंजिन जास्त तापते आणि रेडिएटरला वारा घेण्यासाठी जागा मात्र तेवढीच. या गाड्या तापतात ही तक्रार त्यांच्या मालकांना पुढे कायम राहिली. इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यातील एका स्पार्क प्लगपर्यंत बोनेटमधून हात पोहोचत नसे, म्हणून माणसे बसतात त्या बाजूने पत्र्याला भोक ठेवून त्यावर रबरी बूच बसवावे लागले. कारखान्यात तर इंजिन आत सरकावे म्हणून रंग दिलेल्या पत्र्यावर घणाचे घाव घालावे लागत.

आजही जगभर हौशी माणसे जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवतात, आणि त्यांचा अंदाज नेमका येथेच चुकतो. भंगारातून इंजिन स्वस्तात मिळते. त्याला धरून ठेवणारे, थंड ठेवणारे, वळवणारे आणि थांबवणारे भाग स्वस्तात मिळत नाहीत. अनुभवी कारागीर म्हणूनच इंजिनाची किंमत शेवटी विचारतो आणि ब्रेकची आधी. व्यापाराचेही असेच आहे. जुन्या दुकानाची उलाढाल दुप्पट करायची म्हटली की भांडवल उभे करणे सर्वांत सोपे असते. गोदाम, उधारीची वसुली, विश्वासू माणसे आणि घरातल्या माणसांचा वेळ, हे सारे त्या जोराला पुरणार आहे काय, हा प्रश्न मागाहून सुचतो. रूट्सच्या अभियंत्यांनी तो वेळेवर विचारला. म्हणूनच शक्ती दुप्पट होऊनही त्यांच्या गाडीचे वजन केवळ वीस टक्क्यांच्या आसपास वाढले आणि पुढच्या व मागच्या चाकांवरील भाराचा तोल जवळजवळ पूर्वीसारखाच राहिला.

आता या कथेतील नाजूक भाग. शेल्बीचे १० हजार डॉलर कोणी दिले? विल्यम आता लॉर्ड रूट्स झाले होते आणि समूहाचा प्रत्येक नवा माल त्यांच्या संमतीनेच बाजारात जाई. कल्पना सुचल्यापासून गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत तीन ते चार वर्षे लागत. इयानने म्हणून थेट त्यांच्याकडे न जाता त्यांचा मुलगा आणि विक्रीप्रमुख ब्रायन याला विचारले. हकीकत अशी सांगितली जाते की ब्रायनने होकार दिला, वडिलांच्या कानावर तूर्त काही जाऊ नये असे बजावले आणि ही रक्कम जाहिरातीच्या खात्यातून कशी तरी भागवू असे सुचवले.

पेढीवर वाढलेल्या वाचकाच्या मनाला हे वाक्य टोचल्याशिवाय राहणार नाही. पैसा घरचाच, उद्देश धंद्याच्या भल्याचा, कोणाची फसवणूक करून खिसा भरायचा नाही. तरीही इंजिनाचा खर्च जाहिरातीच्या खात्यात पडणार होता. तत्त्वार्थसूत्राने सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिहिणे, हे स्वतंत्रपणे सांगितले आहे. खोटे बोलण्याहून खोटे लिहिणे वेगळे मोजावेसे वाटले, यात लेखी व्यवहार करणाऱ्या समाजाचा मोठा अनुभव आहे. बोललेले विसरले जाते. वहीत चढलेले पुढच्या पिढीला खरे वाटते. उद्या कोणी त्या वर्षाचा जाहिरातीचा खर्च पाहून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला, तर चुकीची नोंद त्यालाही चुकवणार.

जुलै १९६३ मध्ये गाडी इंग्लंडला पोहोचली. आपल्या पाठीमागे इतके काम झाले हे कळून लॉर्ड रूट्स चांगलेच नाराज झाले होते. तरी त्यांनी गाडी स्वतः चालवण्याचा आग्रह धरला. फेरफटका मारून ते परतले आणि थोड्याच वेळात त्यांनी थेट हेन्री फोर्ड दुसरे यांच्याशी संपर्क साधला. ३ हजार इंजिनांची मागणी नोंदवली गेली. एखाद्या मोटार कंपनीने फोर्डकडे इंजिनांसाठी एकाच वेळी नोंदवलेली ती तोवरची सर्वांत मोठी मागणी होती. ज्या घरात तीन-चार वर्षे लागत, तेथे अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल १९६४ च्या न्यू यॉर्क मोटार प्रदर्शनात, गाडी मांडायचे ठरले. सनबीमच्याच १९२० च्या दशकातील एका विक्रमी गाडीवरून तिचे नाव ठेवले गेले टायगर.

गाडी यशस्वी झाली म्हणून लपवलेला खर्च शुद्ध ठरतो काय? बहुतेक माणसे हो म्हणतील, आणि तेथेच धोका आहे. फळ चांगले आले की चूक धोरण म्हणून गौरवली जाते आणि दुसऱ्या वेळी अधिक मोठ्या रकमेसाठी तीच वाट धरली जाते. परंतु दोष एकट्या मुलाच्या पदरात टाकणेही न्यायाचे नाही. ज्या घरात कर्त्याला विचारायला गेले की तीन वर्षे जातात, तेथे मुले विचारायचे थांबतात. लॉर्ड रूट्स यांनी रागावूनही गाडीत बसून पाहिले, हा त्यांचा मोठेपणा. तो मोठेपणा आधी दिसला असता, तर ब्रायनला जाहिरातीच्या खात्याचा आडोसा शोधावा लागला नसता. वडिलांनी ऐकण्याची आणि मुलांनी लिहिण्याची तयारी ठेवावी. यांपैकी एक नसेल तर दुसरी फार काळ टिकत नाही.

शेल्बीला वाटले होते की गाड्या घडवण्याचे कामही आपल्यालाच मिळेल. ते इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमिच येथील जेन्सन कंपनीला मिळाले आणि शेल्बीला प्रत्येक गाडीमागे ठरावीक रक्कम देण्याचे ठरले. गाड्या विकल्या जाऊ लागल्या. मात्र रूट्सचे घर आतून पोखरले होते. पत्रे घडवणाऱ्या त्यांच्या एका कारखान्यात तेरा आठवड्यांचा संप होऊन गेला होता. हिलमन इम्प या छोट्या गाडीसाठी स्कॉटलंडमध्ये उभारलेला कारखाना भांडवल गिळत होता. जून १९६४ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने सुमारे सव्वाबारा दशलक्ष पौंड देऊन समूहात मोठा वाटा घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॉर्ड रूट्स यांचे निधन झाले. १९६७ साली समूह पूर्णपणे क्रायस्लरच्या हाती गेला.

आता टायगरचे काय करायचे? क्रायस्लर ही फोर्डची कट्टर प्रतिस्पर्धी. तिच्या मालकीच्या दुकानात प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनावर चालणारी गाडी विकली जात होती. गाडीवरील फोर्डच्या नावाची पाटी काढून तेथे सनबीम व्ही-८ अशी पाटी लावण्यात आली. पाटी बदलली, इंजिन मात्र तेच राहिले. क्रायस्लरजवळ स्वतःचे व्ही-८ इंजिन नव्हते असे नाही. पण ते रुंद आणि जड होते, आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर फोर्डच्या इंजिनात पुढे असतो तो त्यात मागे होता. अल्पाइनच्या बोनेटखाली मागे जागाच नव्हती. शिलकीतील फोर्ड इंजिने संपली की गाडी बंद, असा हुकूम निघाला. २७ जून १९६७ रोजी जेन्सनच्या कारखान्यातून शेवटची टायगर बाहेर पडली. अखेरच्या वर्षात ४.७ लिटरचे अधिक मोठे इंजिन घातलेल्या गाड्या केवळ ६३३ निघाल्या.

गाडीत दोष नव्हता, मागणीही आटली नव्हती. परंतु तिचे काळीज उसने होते. धंद्याचा प्राण ज्या वस्तूत आहे ती दुसऱ्याकडून घेणे अयोग्य नाही. सगळेच घरी कोण करील? मात्र देणारा आणि घेणारा यांचे नाते बदलले तर काय, याचा विचार कराराच्या दिवशीच करावा लागतो. एकाच कंपनीच्या वितरणावर उभी असलेली अनेक दुकाने हा धडा आजही महागात शिकतात.

टायगरची कथा १९६७ साली संपली नाही. बंद पडलेली गाडी दुर्मीळ झाली आणि किंमत चढली. अल्पाइन मात्र पुष्कळ उपलब्ध होत्या. मग कित्येकांनी घरच्या गॅरेजमध्ये तेच केले जे माइल्सने केले होते. जुन्या अल्पाइनमध्ये फोर्डचे इंजिन बसवले आणि गाडी मजेत चालवली. यात काहीही गैर नाही. तो हौसेचा आणि हातच्या कौशल्याचा भाग आहे. काहींनी मात्र तशा गाड्या मूळ टायगर म्हणून विकल्या. शौकिनांत त्यांना अल्पाइन आणि टायगर ही नावे जोडून अल्जर असे नाव पडले. खरी गाडी ओळखता यावी म्हणून अमेरिकेतील टायगर मालकांच्या संघटनेला प्रत्यक्ष तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभारावी लागली. तपासनीस पत्र्यावरचे जोड आणि कारखान्यातल्या कामाच्या खुणा पाहतात.

अस्तेयाच्या त्याच पाच अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार हा शेवटचा आहे. अस्सल मालासारखा दिसणारा नकली माल अस्सल म्हणून खपवणे, हा त्याचा अर्थ. इंजिन तेच, गाडीचे रूप तेच, वेगही तोच. फरक केवळ विकणाऱ्याच्या एका वाक्याचा असतो. 'मी ही बसवून घेतली आहे' असे सांगणारा कारागीर ठरतो, आणि ते न सांगणारा चोर. इतक्या बारीक रेषेवर व्यापाऱ्याची पत उभी असते.

दिवाळीत, वीरनिर्वाणाच्या दिवशी, नव्या वहीची पूजा होते तेव्हा पहिले पान कोरे असते. कितीतरी घरांत त्या दिवसांत नव्या बेतांची चर्चा निघते. मुलाला जुन्या पेढीत मोठे इंजिन बसवायचे असते आणि वडिलांना पत्रा फाटण्याची भीती वाटते. दोघांचेही म्हणणे बहुधा खरे असते. अशा वेळी आधी लाकडी गज घेऊन निघावे. जागा मोजावी, थोडक्या खर्चात एक नमुना करून पाहावा, स्टिअरिंग आणि ब्रेक यांची किंमत इंजिनाच्या आधी काढावी, आणि झालेला खर्च ज्या खात्याचा आहे त्याच खात्यात, वडिलांना दिसेल अशा अक्षरात लिहावा.